मदत हवी आहे: गावच्या चर्चेच्या पानावर निनावी लिहू द्यावं की नोंदणी सक्तीची ठेवावी?

बोरीबाभळ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव माणदेशातलं, साडेतीन हजार वस्तीचं. निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, काही घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात पार केरळपर्यंत पांगलेली. मी पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी गावासाठी चर्चेचं एक साधं पान बनवलं. टँकर कधी येणार, रेशनचा माल आला का, घरकुलाच्या यादीत कुणाची नावं, असलं सगळं. येईल त्यानं लिहावं. नाव टाकलं तर टाकलं, नाहीतर आपोआप 'गावकरी' असं उमटायचं.

पहिले काही महिने मजा आली. रेशन दुकानात माप मारतात हे एका 'गावकरी'नं लिहिलं, दुसऱ्यानं पॉस मशीनच्या पावतीचा फोटो टाकला. प्रकरण तहसीलला गेलं, दुकानदाराला नोटीस आली.

मग लागली पंचायतीची निवडणूक. एका महिला उमेदवाराबद्दल रात्री अकरानंतर जे पडायला लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही. सगळं 'गावकरी'च्याच नावानं. माणूस एक की पाच, कळायला मार्ग नाही. तिचा दीर आमच्या दारात येऊन आईला बोलून गेला, "तुमच्या पोराचे उद्योग बघा." आई दोन दिवस जेवली नाही.

मी तिरीमिरीत नोंदणी सक्तीची केली. खरं नाव, मोबाइल नंबर, ओटीपी. शिव्या एका रात्रीत बंद. पण बाकीचंही सगळं बंद! आठवड्याला चाळीस-पन्नास जण लिहायचे, आता चार-पाच, त्यातल्या दोन वाढदिवसाच्या शुभेच्छा. बायकांचं लिहिणं तर शून्यावर आलं. 'गावकरी' असलं तरी "मी विचारायला गेले तर हाकललं" असं लिहिलं की बाई आहे हे कळायचंच. अंगणवाडीच्या खाऊच्या पाकिटांपासून नळाच्या वेळेपर्यंत त्याच जास्त लिहायच्या.

दार उघडं ठेवलं तर घाण, लावलं तर मुकाट. मधला रस्ता कुणी काढलाय का? खर्च फार करता येणार नाही, पदरमोड करूनच चालवतो.

डबल शिफ्ट

नोंदणीच ठेव. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंती वाचल्यास ना कधी? नाव नसलं की माणूस तेच लिहितो. ज्याला नावानिशी बोलायची धमक नाही त्यानं बोलूच नये.

उगाच एक

हे तुम्ही 'डबल शिफ्ट' या नावानं लिहिताय. :)

डबल शिफ्ट

माझं नाव इथं सगळ्यांना माहितीय हो. बारा वर्षं तोच आयडी आहे.

पाटाचं पाणी

डशि, तुम्हीच उत्तर देऊन टाकलंत. निनावी आणि टोपणनावी यात फरक आहे. बोरीबाभळचा घोटाळा असा, की त्यानं शंभर माणसांना 'गावकरी' हे एकच नाव दिलं. त्यामुळे पावतीचा फोटो टाकणाऱ्याची पत आणि रात्री अकराला घाण टाकणाऱ्याची पत एकाच खात्यावर जमा.

१८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावानं शंभरावर पत्रं आली, ब्राह्मणांवर, रूढींवर, सगळ्यांवर कोरडे ओढणारी. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर. नाव झाकलेलं होतं, पण पत्रामागून पत्र एकाच सहीचं, त्यामुळे या सहीशी वाद घालता यायचा.

सक्तीचं म्हणाल तर दक्षिण कोरियानं करून पाहिलंय. २००७ मध्ये रोज ३ लाखांवर लोक येतात अशा संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणं बंधनकारक केलं, २००९ मध्ये तीच मर्यादा १ लाखावर आणली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं एकमतानं तो नियम रद्द केला. ओळख गोळा केली की ती सांभाळावी लागते. तू ते नंबर कुठं ठेवलेस?

बोरीबाभळ

एक्सेल शीटमध्ये. हसू नका.

अडाणी वकील

थोडं अवांतर, पण कामाचं. निनावी ठेवलंत म्हणून तुम्ही सुटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुमच्यासारख्या मध्यस्थाला संरक्षण देतं, पण अटींवर. बेकायदा मजकूर काढण्याचा न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश येऊनही तो काढला नाहीत, तर संरक्षण गेलं. तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि संपर्क पानावर ठळक लावा, २०२१ च्या नियमांत ते आहेच. त्या उमेदवार बाईंना बदनामीची दाद मागता येते, भारतीय न्याय संहिता कलम ३५६. त्यामुळे दीर दारात आला तेव्हा तुमच्याकडे तक्रारीची सोयच नव्हती, हा दोष पहिला.

सदस्यांची खरी नावं घेतलीच पाहिजेत असं मात्र कुठं नाही. ५० लाखांवर सदस्य असलेल्या बड्या समाजमाध्यमांनाही ओळख पडताळण्याची सोय ऐच्छिक म्हणून द्यायची आहे. आणि खऱ्या नावाला लोक का भितात विचाराल, तर २०१२ चं पालघर आठवा. फेसबुकवरच्या चार ओळींसाठी दोन मुलींना अटक, त्यातल्या एकीनं नुसतं लाइक केलं होतं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. पण अटक व्हायची ती झालीच.

डबल शिफ्ट

फेसबुकच्या ग्रुपमध्ये निनावी पोस्टची सोय असते की. मग एवढा खटाटोप कशाला?

पाटाचं पाणी

ती निनावी सदस्यांपुरती. ग्रुपच्या अॅडमिनला नाव दिसतं.

चुलीपुढची

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, या धाग्यासाठी आज आयडी काढला. भाच्यानं ईमेल काढून दिला होता, इथं तेवढा पुरला.

बोरीबाभळ, मी तुमच्या गावची नाही, पण गाव तसंच. आमच्या घरात तीन फोन. नवऱ्याचा, सासऱ्यांचा आणि मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना. त्या जुन्यावर मी हे लिहितेय, त्यात सिम नाही, नेट मुलानं जोडून दिलंय. तुमचा ओटीपी जाणार नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा असणार रानात. मग फोन करून म्हणू का, "अहो, आकडा सांगा, मला घरकुलाच्या यादीबद्दल लिहायचंय"? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते म्हणतात. आमच्याकडे वही घरी येते सहीला.

तुम्ही लिहिलंय की 'गेले' म्हटल्यावर बाई आहे ते कळायचं. आम्हालाही ते कळतं. मी तुमच्या पानावर असते तर "गेलो होतो" असंच लिहिलं असतं.

एक विचारू? राग मानू नका. ते नंबर तुमच्याशिवाय कोण बघतं?

बोरीबाभळ

चुलतभाऊ. मी पुण्यात असतो ना, गावात लक्ष ठेवायला तोच आहे.

चुलीपुढची

आणि निवडणुकीत तो कुणाकडून होता?

उगाच एक

आई गं.

पाटाचं पाणी

बोरीबाभळ गप्प आहे तोवर सुचतं ते सांगतो. फोन नंबर काढून टाक. प्रत्येकानं एक टोपणनाव आणि पासवर्ड घ्यावा, बस्स. पासवर्ड हरवला तर फोनशिवाय परत कसा मिळणार, म्हणून नोंदणीच्या वेळीच एक आठ अक्षरी खूण दाखव, ती वहीत लिहून ठेवायची. नव्या टोपणनावाचे पहिले तीन प्रतिसाद कुणीतरी वाचून मगच दिसू देत. रात्री दहा ते सकाळी सहा लिहिणं बंद. डुआयडी, म्हणजे एकाच माणसाची दुसरी-तिसरी टोपणनावं, निघतीलच, त्याला इलाज नाही, पण प्रत्येकाला तीन प्रतिसादांची रांग लावायला लागली की निम्मे कंटाळतात. वाचून सोडणारा माणूस मात्र तुझ्या भावकीतला नको.

बोरीबाभळ

दोन दिवसांनी येतोय. माफ करा.

चुलतभाऊ पॅनेलमधून उभाच होता, ज्या बाईंबद्दल लिहिलं गेलं त्यांच्या विरुद्ध पॅनेलमधून. शीट त्याच्याकडे होती. त्यानं काही केलं असेल असं मला वाटत नाही, पण गावाला काय वाटत असेल ते आत्ता डोक्यात शिरतंय. काल त्याचा प्रवेश काढला, तर घरात अबोला सुरू झालाय.

वाचून सोडायला आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई तयार आहेत, सासर-माहेर दोन्ही परगावचं. त्यांचं नाव आणि संपर्क तक्रारीसाठी पानावर लावतोय. त्या उमेदवार वहिनींकडे परवा आईला घेऊन जाऊन येईन, ते नोंदणीच्या आधी करायला हवं होतं.

आता एकच तांत्रिक अडचण. शीट पुसली, पण होस्टिंगवाल्याकडे रोजचा बॅकअप साठत गेलाय, त्यात सगळे नंबर आहेत. जुने बॅकअप कायमचे कसे काढायचे, कुणी सांगेल का?