५ महिन्यांची मुलगी रात्री दर पाऊण तासाने उठतेय, जायफळ देऊ का?

अर्धीझोप:
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लेक ५ महिन्यांची झाली. तिसऱ्या महिन्यात सलग चार-पाच तास झोपायची, मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते, माझीच दृष्ट लागली बहुतेक. गेले तीन आठवडे साडेआठला झोपते आणि मग सव्वानऊ, दहा, पावणेअकरा, गजर लावल्यासारखी उठते. दूध पाजलं की परत झोपते पण पाळण्यात ठेवायला जावं तर पाठ टेकायच्या आत डोळे टक्क उघडे. काल रात्री तिला थोपटता थोपटता मी उभ्याउभ्याच पेंगले, कपाळ पाळण्याच्या साखळीवर आपटलं तेव्हा जाग आली.

कल्याणला वन बीएचके, सासूबाई आल्यात मदतीला. त्या म्हणतात जायफळाचे दोन वेढे दे दुधातून, आमची तिन्ही पोरं त्यावरच झोपली. माझी आई फोनवर म्हणते पोट भरत नसेल, नाचणीसत्त्व चालू कर. डॉक्टर म्हणाले वजन छान वाढतंय, या वयात होतं असं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. २६ आठवड्यांची रजा संपत आलीये, पुढच्या महिन्यात सकाळची फास्ट लोकल पकडायचीय. कोणाचं बाळ असं होतं का? आणि कधी सुधारलं ते प्लीज सांगा, खोटं सांगितलंत तरी चालेल.

दोघांची_आई:
अगं ही तर आमच्या धाकट्याचीच कुंडली. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळांची झोप बदलते, मोठ्यांसारखी गाढ-हलकी-गाढ अशी फेऱ्यांमध्ये यायला लागते, आणि त्यांची एक फेरी साधारण पाऊण ते एक तासाची असते. फेरी संपली की जरा जाग येते, आपल्यालाही येते, आपण कूस बदलून झोपतो, लक्षातही राहत नाही. पण तिला झोप लागताना आईची कूस होती आणि जाग आली तेव्हा पाळण्याची दांडी दिसली, मग ती रडणारच ना. म्हणजे दर वेळी भूकच असते असं नाही.

मी एवढंच केलं की झोपेआधीचं दूध अर्धा तास अलीकडे आणलं, मग अंग पुसणं, दुपटं बदलणं, दिवा बंद, तेच ते रटाळ गाणं, आणि पूर्ण झोपायच्या आधी, डोळे जड झाले की खाली ठेवायचं. पहिले चार दिवस काहीही उपयोग झाला नाही, पाचव्या दिवशी एकदा जमलं, सहाव्या दिवशी परत नाही. पण दोनेक आठवड्यांत पाच-सहा वेळाचं दोन वेळांवर आलं. या वयात रात्री एक-दोनदा दूध लागतंच, ते तोडायच्या मागे लागू नकोस. दिवसा किती झोपते? दोन तासांहून जास्त जागी राहिली तर दमते आणि मग रात्री उलट जास्त किरकिर करते, दिवसा जागवलं की रात्री झोपेल हे आमच्याकडे साफ खोटं ठरलं.

सहाण_आणि_मी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, जायफळाबद्दल स्पष्टच लिहिते, देऊ नका. जायफळाने गुंगी येते, म्हणूनच पोरं झोपतात. आणि दोन वेढे म्हणजे किती हे कोणालाच माहीत नसतं, एकीचा हात हलका, दुसरीचा जड, सहाण खरखरीत असली की दुप्पट उतरतं. अति सुस्त झालेलं बाळ बघितलंय मी, आईला आधी बरंच वाटत होतं की चला एकदाचं झोपलं. मधही नको, वर्षाच्या आत अजिबात नाही. नाचणीसत्त्व ६ महिने झाले की सुरू करा पण ते जेवण म्हणून, झोपेचं औषध म्हणून नाही, आणि बाटलीत कालवून तर नकोच.

अजून एक, मोहरीची उशी असेल तर काढा. पाठीवर, सपाट गादीवर, तोंडाजवळ पांघरूण-दुपट्यांचा ढीग नको. आणि पेंगताना बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नका, ते सगळ्यात धोक्याचं. घोरत असेल, दूध कमी पीत असेल, ताप किंवा कान ओढून रडणं असेल तर परत डॉक्टरकडे जा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

आजी_६८:
आम्हीपण जायफळ दिलं बरं का, काही झालं नाही पोरांना. पण या बाई सांगतायत ते पटतंय, आमच्या वेळी कोणी सांगितलंच नाही. सासूबाईंशी मात्र वाद घालू नकोस, त्यांना मालीश नि अंघोळीचं काम दे, संध्याकाळी बाळाला घेऊन गॅलरीत बसू दे त्यांना. त्या तासाभरात तू झोप, भांडी घासू नकोस. माझ्या सुनेला मी हेच सांगितलं तर ती त्या वेळात मोबाईल बघायची!

रात्रपाळीवाला_बाबा:
बाबा लोकांचा उल्लेखच नाही कुठे म्हणून लिहितोय. नवरा काय करतोय रात्री? रागावू नका. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, ९ ते १ माझी, बायको दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायची, त्यानंतर तिची. सलग चार तास मिळाले की माणूस माणसात येतो. आणि तुम्हाला स्वतःला सारखं रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर ते फक्त जागरण नसतं, आमच्याकडे तसं झालं होतं आणि आम्ही मदत घ्यायला दोन महिने उशीर केला. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

अर्धीझोप:
सगळ्यांना थँक्यू, वाचताना रडले पण बऱ्या अर्थाने. जायफळ नाही देत, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या नर्सबाई आहेत तर ऐकू, मग थोड्या वेळाने म्हणाल्या वेखंड तरी लावू का टाळूला 😄 दिवसाचं लिहून बघितलं तर संध्याकाळी ५ ते साडेआठ सलग जागी असते, हे लक्षातच आलं नव्हतं. नवरा तयार आहे पण पाळी घेऊन करणार काय, लेक बाटली तोंडात धरत नाही, जिभेने ढकलते. काढलेलं दूध कसं द्यायचं?

रात्रपाळीवाला_बाबा:
बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं! आमच्या आजीचं चांदीचं होतं, आम्ही स्टीलचं आणलं, भांड्यांच्या दुकानात मिळतं, आधी उकळून घ्या. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायचं, ओतायचं नाही, तीच ओढते. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या बाहीवर गेलं होतं. आणि तुम्ही त्या वेळी खोलीत नका राहू, आईचा वास आला की बोंडलं कोण घेतंय.