आरसीवर फक्त पेट्रोल, डिकीत मात्र सीएनजीची टाकी : पीयूसी नाकारली गेल्यावर काय करावे?

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी पुण्यातून २०१३ सालची एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली. आधीच्या मालकांनी तिला सीएनजी किट बसवून घेतले होते आणि रोजच्या खर्चाचा विचार करता तेच मला गाडीचे मोठे आकर्षण वाटले. गाडी माझ्या नावावर झाली, साताऱ्याचा पत्ताही चढला; पण नवीन आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात आल्यावर लक्षात आले की इंधनाच्या रकान्यात नुसते ‘पेट्रोल’ असे आहे. आधीच्या मालकांना फोन केला, तेव्हा किट बसवणाऱ्याने ‘नोंदीचे मी बघतो’ असे सांगितले होते आणि पुढे ते राहून गेले, असे उत्तर मिळाले. तो किट बसवणारा आता त्या जागी नाही.

खरी अडचण पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या वेळी आली. केंद्रावरच्या मुलाने गाडीचा क्रमांक टाकताच संगणकावर पेट्रोल आणि बीएस-४ (हे उत्सर्जनाचे मानक) अशी माहिती आली. गाडी तेव्हा गॅसवरच चालू होती. नळी सायलेन्सरमध्ये घातल्यावर हायड्रोकार्बनचा आकडा ३१० आला. मर्यादा २०० ची असल्याने नापास झाल्याची चिठ्ठी हातात पडली. दुसऱ्या दिवशी पेट्रोलवर चाचणी करून पाहिली, तर हायड्रोकार्बन १८० म्हणजे मर्यादेत, पण कार्बन मोनॉक्साइड ०.४६ टक्के, जिथे ०.३ च्या पुढे चालत नाही. एका केंद्रावर तर ‘दुसऱ्या गाडीचा धूर घेऊन काढून देतो’ असे मला हळूच सुचवण्यात आले; मी नको म्हटले. त्यातच गेल्या आठवड्यात गॅस पंपावरच्या माणसाने टाकीच्या चाचणीची पट्टी मागितली आणि ती नसल्यामुळे गॅस भरायला नकार दिला.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच गाडीचे दोन इंधनांवरचे आकडे दोन वेगळ्या कारणांनी कसे नापास होतात? दुसऱ्याने बसवलेल्या किटची नोंद आता माझ्या नावाने होऊ शकते का? आणि तोवर मी गाडी रस्त्यावर आणावी की नाही?

टॅपेट (उत्तर १)

मी वीस वर्षांपासून गॅरेज चालवतो आणि त्यातली बरीच वर्षे गॅसच्या गाड्यांवर गेली आहेत, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. कायद्याचे जाणकार येथे आहेत, ते पुढचे सांगतील.

गॅसवरचा ३१० हा आकडा मला मुळीच वाईट वाटत नाही. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन. इंजिनात न जळलेला थोडा मिथेन धुराड्यातून बाहेर पडतो आणि पीयूसीचे यंत्र त्यालाही हायड्रोकार्बन म्हणून मोजते. म्हणूनच नियमात सीएनजीच्या गाडीसाठी मोजलेल्या आकड्याला ०.३ ने गुणून जे येईल ते मर्यादेशी ताडून पाहण्याची तरतूद आहे. तुमचे ३१० गुणिले ०.३ म्हणजे ९३. गाडी आरामात पास. पण हा गुणाकार संगणक कधी करणार? आरसीवर सीएनजी असेल तेव्हा. तुमच्या आरसीवर पेट्रोल असल्यामुळे मिथेनचा सगळा भार पेट्रोलच्या खात्यावर पडला. थोडक्यात, त्या दिवशी गाडी नापास झाली नाही, कागद नापास झाला.

पेट्रोलवरचा ०.४६ मात्र खरा दोष आहे आणि तो बहुधा त्याच किटने निर्माण केलेला आहे. सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या) गॅस किती सोडायचा हे गाडीच्या मूळ संगणकाच्या हिशेबावरूनच ठरते. किटची जुळणी नीट केलेली नसेल आणि गॅसवर मिश्रण पातळ पडत असेल, तर ऑक्सिजन सेन्सर तशी खबर देतो आणि मूळ संगणक मात्रा वाढवत जातो. ही वाढलेली मात्रा तो लक्षात ठेवतो. मग तुम्ही पेट्रोलचे बटण दाबता तेव्हा पेट्रोलही त्याच सवयीने जास्त सोडले जाते आणि मोनॉक्साइड चढतो. वर्षानुवर्षे गाडी गॅसवर चालवणाऱ्यांची आणखी एक खोड म्हणजे टाकीत तळाशी चार लिटर पेट्रोल महिनोन्महिने पडून असते. त्याने इंजेक्टरच्या तोंडाशी राळेसारखा थर बसतो आणि फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागतात.

त्यामुळे माझा सल्ला असा की आधी इंजेक्टर साफ करून घ्या, एअर फिल्टर बदला, ताजे पेट्रोल भरा आणि चार-पाच दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा, म्हणजे संगणकाची सवय मोडेल. चाचणीला जाताना किमान वीस मिनिटे गाडी चालवून मगच जा. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना काहीही काम करत नाही, आणि घराशेजारच्या केंद्रावर सकाळी गार गाडी नेऊन नापास झालेले कितीतरी लोक माझ्याकडे येतात. बीएस-४ गाडीची चाचणी आयडलिंगवर (इंजिन नुसते जागेवर चालू ठेवून) संपत नाही हेही ध्यानात ठेवा : मिनिटाला २५०० च्या आसपास फेरे ठेवून मोनॉक्साइड ०.२ च्या आत आणि लॅम्ब्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान यावा लागतो. सायलेन्सरच्या जोडाला बारीक छिद्र असले तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन लॅम्ब्डा बिघडतो. तो जोड हाताने चाचपून पाहा, काजळीची रेघ दिसेल.

निवृत्त निरीक्षक (उत्तर २)

वरील उत्तरातील तांत्रिक भाग अचूक आहे. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून काम केले असल्याने उरलेल्या दोन प्रश्नांविषयी लिहितो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा गाभा असा आहे की, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी आरसीवरील तपशील विसंगत ठरतील असा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्यानंतर ‘आता गाडीला काहीच करता येत नाही’ अशी समजूत पसरली, ती बरोबर नाही. त्याच कलमाच्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या तरतुदीत) सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर वा ऊर्जेवर गाडी चालावी म्हणून रूपांतरण किट बसवण्यास विहित अटींवर मुभा दिलेली आहे. म्हणजे तुमच्या गाडीतील बदल मुळात निषिद्ध प्रकारातला नाही. तो विनापरवानगी आणि विनानोंद राहिलेला आहे. या दोहोंत फार अंतर आहे.

मात्र नोंद होईल की नाही हे किटवर अवलंबून आहे. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची प्रकार-मान्यता (त्या नमुन्याच्या किटला दिलेली मंजुरी) असावी लागते, आणि ती मान्यता सरसकट नसते. ती इंजिनाच्या ठराविक क्षमतेच्या टप्प्यासाठी आणि ठराविक उत्सर्जन मानकासाठी दिलेली असते. दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरणही व्हावे लागते. म्हणून सर्वप्रथम किटच्या रेड्युसरवरील (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागावरील) आणि कंट्रोल युनिटवरील पट्टीचे छायाचित्र घ्या, त्यावरून उत्पादक ओळखा आणि त्याच्या अधिकृत वितरकाकडे जा. किट तुमच्या इंजिनास मान्य असेल, तर तो वितरक तपासणी करून, आवश्यक तेथे नळ्या व झडपा बदलून, किट बसवल्याचे प्रमाणपत्र देऊ शकतो. किट मान्य नसेल, तर त्यावर आणखी खर्च करू नये. ते उतरवून टाकावे, आणि गॅस हवाच असेल तर मान्यताप्राप्त नवे किट आधी अर्ज करून बसवावे.

टाकीचा विषय मी वेगळा काढतो, कारण तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तुमच्या मागच्या आसनापाठीमागे सुमारे २०० बार दाबाचे भांडे आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार वाहनातील सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी आवश्यक आहे. टाकीच्या खांद्यावर अनुक्रमांक, निर्मितीचा महिना-वर्ष आणि झालेल्या प्रत्येक चाचणीची तारीख कोरलेली असते. विजेरी लावून ती वाचा. पंपावरील कर्मचाऱ्याने नकार दिला याचा राग मानू नका. त्याने त्याचे काम केले आहे.

कागदपत्रांत प्रकार-मान्यतेची प्रत, किट बसवल्याचे प्रमाणपत्र, टाकीचे चाचणी प्रमाणपत्र, विमा आणि आरसी लागेल. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे लेखी संमतिपत्रही. अर्ज ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवरून करून गाडी निरीक्षकासमोर न्यावी लागते. फेरफार झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवण्याचे बंधन कायद्यात आहे आणि तुमच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे. गाडी तुमच्याकडे केव्हा आली याचे कागद सोबत ठेवून स्वतःहून गेलात, तर निरीक्षकासही प्रकरण समजून घेणे सोपे जाते. माझ्या नोकरीत मी असे अर्ज पाहिले आहेत. मालक स्वतः आला आहे की तपासणी नाक्यावर सापडला आहे, याने फरक पडतोच.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल कलम १८२-अ नुसार मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि प्रदूषणविषयक मानकांच्या भंगाबद्दल कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा विम्याचा विचार करा. गॅस किटची विमा कंपनीस कल्पना नसेल आणि उद्या आग लागली, तर दावा नाकारण्यास तुम्ही स्वतःच कारण पुरवलेले असेल.

धुळीची वाट (उत्तर ३)

थोडे विषयाला समांतर, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माझ्याकडे एक जुनी पेट्रोल जीप होती, जिला आमच्या भागातील प्रथेप्रमाणे वडिलांनी डिझेल इंजिन बसवून घेतले होते. ज्याने ते बसवले त्याने ‘सगळ्यांच्या अशाच आहेत’ एवढ्यावर विषय संपवला. आरसीवर पेट्रोल आणि जुनाच इंजिन क्रमांक राहिला. तुमच्याकडे निदान दोन इंधनांसाठी एकच यंत्र चालते. आमच्याकडे तर पेट्रोलची तपासणी वायूंच्या टक्केवारीवर आणि डिझेलची धुराच्या दाटपणावर, त्यामुळे केंद्रावर कोणते यंत्र लावायचे इथपासूनच घोळ. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला निरीक्षकांनी चॅसीचा ठसा घेतला, बॉनेट उघडले, इंजिनावरच्या क्रमांकावरची धूळ पुसली आणि तो आरसीशी ताडून पाहिला. तिथेच सगळे थांबले. त्या इंजिनाचे खरेदीचे कागदही आमच्याकडे नव्हते. शेवटी जीप भंगारात द्यावी लागली.

जाता जाता : तिचा रंगही लष्करी हिरवा होता, जो केंद्रीय नियम १२१ नुसार संरक्षण खात्याखेरीज कोणालाच लावता येत नाही. जीपची हौस असणाऱ्यांनी हेही पाहून ठेवावे.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. दहा दिवसांत जे झाले ते नोंदवतो.

टाकी विजेरी लावून पाहिली. खांद्यावर निर्मिती २०१४ आणि त्यापुढे एकच चाचणी, २०१७ ची. त्यानंतरची जागा कोरी. म्हणजे मी घरच्यांना घेऊन दोनदा कोल्हापूरला जाऊन आलो, तेव्हा मागे काय होते, ते आता कळले. त्याच दिवशी झडप बंद करून घेतली आणि गाडी पेट्रोलवर आणली.

इंजेक्टर साफ केले, टॅपेट यांनी सांगितलेली काजळीची रेघ खरोखरच मधल्या जोडापाशी सापडली, तीही बुजवून घेतली. पाचव्या दिवशी महामार्गावरून फेरी मारून थेट केंद्रावर गेलो : मोनॉक्साइड ०.१२, हायड्रोकार्बन ८४, लॅम्ब्डा १.०१. मात्र गॅसचे किट गाडीत असताना मिळालेले हे प्रमाणपत्र मला पुरेसे वाटत नाही. किटच्या वितरकाने पट्टीची छायाचित्रे पाहून कळवले की हे किट माझ्या इंजिनाच्या क्षमतेस मान्य नाही. आता ते पूर्ण उतरवायचे ठरवले आहे. नव्या किटचे पुढच्या वर्षी पाहू. एकच शंका उरते : जुनी टाकी चाचणी करून विकता येईल का?

निवृत्त निरीक्षक

ज्या टाकीचा गेल्या आठ-नऊ वर्षांचा इतिहास कोणालाच ठाऊक नाही, ती तुमच्या हातून दुसऱ्याच्या डिकीत जाऊ देऊ नका. गॅस सुरक्षितपणे काढण्याचे काम अधिकृत चाचणी केंद्रावरच करून घ्या, टाकी तेथेच निकामी करून घ्या आणि तसे लेखी मागा. किट उतरवल्यावर डिकीच्या पत्र्याला पाडलेली भोके आणि इंजिनाच्या मॅनिफोल्डवरील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरील) गॅस इंजेक्टरची छिद्रे नीट बुजवली आहेत ना, हेही पाहा. मॅनिफोल्डमधून हवा शिरली, तर तुमचा लॅम्ब्डाचा १.०१ टिकणार नाही.