मदत हवी आहे: सुई टोचण्याआधीचा तो एक तास कुणाच्या ताब्यात द्यावा?

मी बालरोग वॉर्डात सिस्टर आहे. मुलांचं दुखणं कमी करायला आमच्याकडे सगळ्या विभागांचा मिळून एक गट केलाय. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सर्जन, फार्मसिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि वॉर्डातर्फे मी. बैठकीत सगळे माना डोलावतात. वॉर्डात मात्र रक्त काढताना पोराला अजूनही तिघंजण दाबून धरतात.

सुन्न करणारं लिडोकेन-प्रायलोकेनचं क्रीम टोचण्याआधी साधारण 60 मिनिटं लावून झाकून ठेवावं लागतं. इथे राउंडला तपासणी लिहिली जाते आणि दहा मिनिटांत लॅबवाले ट्रे घेऊन हजर. क्रीम लावायला मला लेखी ऑर्डर हवी, ट्यूब ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, आणि लॅबवाल्यांना थांबवायचा अधिकार माझा नाही.

नवजात कक्षात मात्र गाडी लगेच रुळावर आली. टाचेला टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेवर 24 टक्के सुक्रोजचे, म्हणजे साखरेच्या पाण्याचे थेंब, किंवा आईनं अंगावर पाजत असतानाच टोचायचं. (टाचेवर त्या क्रीमचा उपयोग होत नाही, त्यामुळे तो वादही नाही.) तिथे थेंब देणारी आणि टोचणारी सिस्टर एकच असते. माझा अंदाज, जमलं ते त्यामुळेच.

दुसरं दुखणं ऑपरेशननंतरचं. दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांचं दुखणं मोजायला फ्लॅक स्केल वापरतो: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं, प्रत्येकाला 0 ते 2. आकडा इमानेइतबारे भरतो. पण 7 लिहिल्यावर पुढे काय? केसपेपरवर 'गरज पडल्यास' एवढंच. फिजिओथेरपिस्ट दहाला येणार आणि तोंडावाटे पॅरासिटामॉलही दहालाच. ते लागू पडेपर्यंत व्यायाम आटोपलेला असतो आणि पोराने त्या ताईंचा धसका घेतलेला असतो.

एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मुलं विसरतात हो." त्यांना 'लॅन्सेट'मधला 1997 चा टॅडिओ यांचा अभ्यास दाखवला. जन्मानंतर सुंता झालेल्या मुलांना 4 ते 6 महिन्यांच्या लशीच्या वेळी सुंता न झालेल्यांपेक्षा जास्त दुखलं, आणि सुंतेआधी क्रीम लावलेल्यांना त्या मानाने कमी. सर गप्प झाले, पण ऑर्डर काही निघाली नाही.

ज्यांच्याकडे हे बसलंय त्यांना विचारते. क्रीमची स्टँडिंग ऑर्डर (दर वेळी डॉक्टरांनी नव्याने लिहावी लागू नये अशी कायमची लेखी ऑर्डर) कुणाच्या सहीने काढलीत, आणि त्यात वय, वजन, मात्रा, मेथेमोग्लोबिनीमियाचा (रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटण्याचा) धोका हे कसं लिहिलंत? तातडीची नसेल ती तपासणी तासभर मागे ढकलायला लॅबला कसं पटवलंत? फ्लॅक किती झाल्यावर कुणाला फोन करायचा आणि औषध दिल्यावर पुन्हा कधी मोजायचं, हे लिहून ठेवलंय का? आणि टोचताना आईला मूल मांडीवर घेऊन बसू द्यायला तुमच्याकडे नेमकं कोण आडवं आलं होतं? आमच्याकडे, सांगायला लाज वाटते, आम्ही सिस्टरच.