खटला मिटला, खर्चाचा वाद उरलाय. मध्यस्थी की लवाद?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचा दावा तडजोडीने मिटला. आमचा कोर्टखर्च समोरच्यांनी द्यायचा हेही ठरलं, पण करारात नुसतं 'वाजवी खर्च' लिहिलं, आकडा नाही. तिथेच घोडं अडलं! आता वकिलांच्या बिलातल्या ओळी-ओळीवर आक्षेप येतायत. एका बैठकीला दोन वकील कशाला, 6 ओळींच्या ईमेलला अर्धा तास कसा... (ईमेलचं खरं तर मलाही पटतं, पण त्यांना कशाला सांगू?)

एवढ्यासाठी पुन्हा कोर्टात जाणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मध्यस्थ निर्णय लादत नाही, दोघांनी सही केली तरच तडजोड बांधते. लवादाचा निवाडा मात्र बंधनकारक, त्याला आव्हान द्यायला वाव फार कमी. इथवर समजलंय.

कुणी या वाटेने गेलंय का? एकरकमी आकडा आधी आपण सांगावा की त्यांना बोलू द्यावं? पत्रावर 'हक्कांना बाधा न आणता' लिहिलं, तर बोलणी फिसकटल्यावर तोच आकडा आमच्यावर उलटणार नाही ना? आणि मध्यस्थाची फी निम्मी-निम्मी करतात की तीही या खर्चात धरतात? महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय.