पडद्यावरचा विनोद आणि घरातले हसू

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत समलिंगी पात्र आले, की मी पडद्याकडे कमी आणि घरातल्या माणसांकडे जास्त पाहत असे. कोण हसते, कोण पाणी प्यायला उठते, कोण चॅनल बदलते, यावरून या घरात आपल्याला कितपत जागा आहे याचा अंदाज मी सोळाव्या वर्षापासून बांधत आलो आहे. सोलापुरात असा अंदाज बांधणारे आणखीही असतील, म्हणून हा धागा उघडत आहे. ‘एलेन’ या अमेरिकी मालिकेतल्या नायिकेने ३० एप्रिल १९९७ च्या भागात आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तेव्हा तो भाग सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. आपल्याकडे प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर पडायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. या सगळ्या वर्षांत तुमच्या घरात टीव्हीसमोर काय घडले, ते लिहावे. नाव देण्याची गरज नाही.

सुरुवात मीच करतो. आमचे घर पूर्व भागातले, वडील यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. दोन्ही भाषांतल्या विनोदी कार्यक्रमांत एक ठरलेला प्रसंग असे: एका पुरुषाने साडी नेसून लचकत यायचे आणि त्याचा हात लागताच दुसऱ्याने दचकून मागे सरायचे. त्या प्रसंगाला घरात सर्वांत मोठ्याने मी हसत असे, कारण न हसणाऱ्याकडे लोक वळून पाहतात हे मला कळून चुकले होते. साडी नेसलेला नट, यल्लम्माचा जोगता, तृतीयपंथी आणि पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, या सर्वांना आमच्या गल्लीत एकच शिवी पुरत असे.

२००६ मध्ये नोकरीसाठी पुण्याला गेलो, तिथे खोलीतल्या मित्राकडे ‘विल अँड ग्रेस’च्या सीडी होत्या. १९९८ साली सुरू झालेल्या या अमेरिकी मालिकेतला विल समलिंगी आहे, वकील आहे, नीटनेटका आहे, आणि सहज कोणाच्या लक्षात येणार नाही असा आहे. म्हणून तो मला आवडला. त्याचा मित्र जॅक हातवारे करतो, नाचतो, मोठ्याने बोलतो; त्याचा मला राग येई. फेब्रुवारी २००० मधल्या एका भागात टीव्हीवर दोन पुरुषांचे चुंबन दाखवले जात नाही म्हणून जॅक चिडतो, थेट वाहिनीकडे तक्रार करायला जातो, आणि शेवटी चालू प्रक्षेपणात विल त्याचे चुंबन घेतो. लढायला आधी जॅक उभा राहिला होता, हे मी त्या वेळी पाहूनही पाहिले नाही. जॅकविषयीचा तो राग माझा नव्हता. तो मी गल्लीतून पुण्याला घेऊन गेलो होतो.

धाग्यावर आलेली उत्तरे:

एक आई, वय ५८, जुळे सोलापूर:
माझ्या मुलाने आम्हाला सांगितल्यावर वर्षभर घरात त्याविषयी कोणी बोलले नाही. मग एका दिवाळीत त्याने मला मोबाइलवर ‘मॉडर्न फॅमिली’ ही अमेरिकी मालिका दाखवायला सुरुवात केली आणि इंग्रजी संवाद तो मराठीत सांगत गेला. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांना २०१३ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली आणि मे २०१४ च्या भागांत मिचेल व कॅमेरॉन या दोन पुरुषांचे लग्न दाखवले गेले. मुलाला वाटत होते की मी त्या जोडप्याकडे पाहते आहे. मी मिचेलच्या वडिलांकडे पाहत होते. त्यांना ते लग्न अवघड जाते, चारचौघांची लाज वाटते, आणि तरीही अखेर ते मुलाच्या बरोबरीने चालत मंडपात येतात. तेवढा भाग मी आमच्या ह्यांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा मुलाला पहिला फोन ह्यांनीच केला.

विद्यार्थिनी, वय २३:
यात बायका कुठे आहेत, असे मला विचारायचे आहे. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेत जानेवारी १९९६ च्या भागात कॅरल आणि सुझन यांचे लग्न झाले, ही मोठी गोष्ट होती, पण त्या लग्नात चुंबन दाखवले नाही, आणि एरवी त्या दोघींवरचे बहुतेक विनोद कॅरल आपला नवरा रॉस याला सोडून गेली याच एका गोष्टीवर फिरत राहिले. मराठी रंगभूमीवर ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने १९८१ मध्येच अशा मुलीला मध्यभागी उभे केले होते. तिची गोष्ट दुःखाची होती. मला दोघींच्या संसारातली भांडणे, उधारी आणि स्वयंपाक दाखवणारी मराठी मालिका आईच्या शेजारी बसून पाहायची आहे.

नोकरदार, वय २९:
मी घरी सांगितलेले नाही. गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आलो, की जेवताना रिमोट माझ्याच ताब्यात ठेवतो.

हौशी नट, वय ६७:
मला कबुली द्यायची आहे. बालगंधर्व साडी नेसून उभे राहत तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करत, हे आम्ही नव्या मुलांना अभिमानाने सांगत आलो. आणि त्याच तालमीत मी मान वेळावून, मनगट सैल सोडून ‘तसला’ माणूस उभा करत असे, कारण पडलेला प्रवेश त्याने हमखास उचलला जाई. हुतात्मा स्मृती मंदिरात एका प्रयोगाला मला त्यावर टाळ्या मिळाल्या. आमच्याकडे पडदे ओढणारा एक शांत मुलगा होता. प्रयोगानंतर कोणीतरी सर्वांसमोर म्हणाले, की काकांनी हुबेहूब याचीच नक्कल केली, आणि सगळे हसले. मीही हसलो. मी नक्कल केलेली नव्हती, पण तसे म्हणालो नाही. तो पुन्हा तालमीला आला नाही. आता तो चाळिशी ओलांडलेला असेल. त्याच्या वाचनात हे आले, तर त्याने मला भेटावे. मला त्याची माफी मागायची आहे.