मदत हवी आहे: आजी-आजोबा आणि दोन नातवंडं, माथेरानला दोन रात्री

ठाणेकर_मुलगी
नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा (72), आई (67) आणि माझी दोन मुलं (10 आणि 6) असे चौघेच माथेरानला जाणार आहेत. बाबांच्या डाव्या गुडघ्याची झीज झाली आहे. सपाटीवर दीड किलोमीटर चालतात, उतारावर दुखतं. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ठाण्याहून लोकलने नेरळ. पुढे वर कसं जावं, हॉटेल कुठे घ्यावं आणि कोणते पॉइंट झेपतील? घोडा चालेल का?

लाल_माती
सगळं अडतं ते दस्तुरी नाक्याच्या पुढे. मोटारी तिथेच थांबतात आणि बाजारपेठ तिथून साधारण अडीच किलोमीटर आहे. म्हणून हॉटेल निवडताना दरी दिसते का यापेक्षा माथेरान स्टेशनपासून किती पावलं, हे आधी विचारा. फोनवर "जवळच आहे" असं सांगतात. त्यावर न थांबता मिनिटं विचारा, आणि वाटेत पायऱ्या आहेत का तेही. खोली तळमजल्याची घ्या.

नेरळहून थेट मिनी ट्रेन 21 किलोमीटरची. मुलांना आवडेल, पण दोन तासांहून जास्त अरुंद बाकावर बसून बाबांचा गुडघा आखडेल. शिवाय फेऱ्या मोजक्या. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो, नंतर पुन्हा सुरू झाला का ते निघण्यापूर्वी बघा. त्यापेक्षा नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून थोडं चालून अमन लॉज स्टेशनवरून शटल, म्हणजे माथेरान स्टेशनपर्यंतची मिनी ट्रेनची छोटी फेरी. सामान हमालाकडे द्या, दर आधी ठरवून. शनिवार-रविवारी शटलच्या तिकिटाला मोठी रांग लागते, त्यामुळे मंगळवार ते गुरुवार जमवता आलं तर उत्तम. परतीच्या दिवशीही हीच रांग असते, हे बरेचजण विसरतात.

नेरळचा घाट वळणावळणाचा आहे. मुलांना निघण्याआधी पोटभर दूध देऊ नका. टॅक्सीत नजर समोरच्या रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाइल बंद.

गुडघा_आणि_घाट
बाबांबद्दल. चढापेक्षा उतारावर गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून अंतराइतकाच उतारही बघा. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या दोन काठ्या घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, उतारावर 5 ते 10 सेंटीमीटर जास्त. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर पाय गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट किंवा चपला नकोत. काठीची रबरी टोपी झिजली असेल तर बदला.

दिवसाला एकच पॉइंट. पहिल्या संध्याकाळी बाजार आणि पेमास्टर पार्क, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलाव, त्याच्या काठचं पिसरनाथ मंदिर आणि जवळचा इको पॉइंट. मुलांना हाका मारून प्रतिध्वनी ऐकायला मिळतो, आजोबांना बसायला मिळतं. तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, मुलांना उतरू देऊ नका. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय या खेपेला सोडा, बाजारापासून लांब पडतो. पॉइंटवर स्वच्छतागृह असेलच असं धरू नका.

मधुमेह_मित्र
आईंच्या गोळ्यांची नावं बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर चालणं वाढलं आणि जेवण लांबलं की साखर उतरते. थरथर, घाम, चिडचिड दिसली की तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, नंतर पोळी किंवा बिस्किटं. हे दहा वर्षांच्या नातवंडाला घरीच एकदा करून दाखवा, कारण तिथे मदतीला तेच असेल. फक्त मेटफॉर्मिन असेल तर हा धोका कमी. तरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, हमालाच्या बॅगेत नकोत.

ठाणेकर_मुलगी
खूप उपयोगी. ग्लिमेपिराइडच आहे, डॉक्टरांशी बोलते. घोड्याचं राहिलं.

लाल_माती
बाबांना नको. चढता-उतरताना गुडघा आणि कंबर दोन्हींवर ताण येतो, आणि पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात. सहा वर्षांच्या मुलाला बसवायचं तर हेल्मेट घरून न्या, घोडेवाला लगाम धरून शेजारी चालला पाहिजे, पळवायचा नाही. हातरिक्षा गृहीत धरू नका. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं आहे. ई-रिक्षा कुठून आणि किती वाजेपर्यंत मिळतात, हे हॉटेलला आदल्या दिवशी विचारा. मिळाली तर बाबांसाठी तीच सर्वांत सोयीची.

माकडांचं सांगायचं राहिलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात. खाऊ पाठीवरच्या बॅगेत ठेवा, खोलीच्या खिडकीला कडी लावा. माकडाने पिशवी धरलीच तर मुलांनी ओढाताण न करता सोडून द्यायची, चावे त्या ओढाताणीत बसतात. चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.