‘चेक’: शब्द एक की चार?

शब्दवेल्हाळ: पटावर राजाला दिलेला चेक, चेक करणे म्हणजे तपासणे, चौकड्यांचा कपडा म्हणजे चेक्स आणि बँकेत वटतो तो चेक. माझ्या मते हा एकच शब्द आहे आणि तो एकच म्हणून शिकवावा. मूळ फारसी ‘शाह’, राजा. अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. राजाला शह बसला की बाकीचा डाव अडतो, म्हणून अडवणे. अडवून खात्री करायची, म्हणून तपासणे. आपला ‘शह’ही त्याच शाहाचा!

काटेकोर: ऐकायला छान, पण अर्थ वापरातून ठरतो. चौकड्यांचा शर्ट घेताना राजा कुणाला आठवतो? आणि बँकेतल्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंगच वेगळं, शेवटी क्यू-यू-ई. चार अर्थ, म्हणून शब्दकोशात चार नोंदी.

शब्दवेल्हाळ: ते स्पेलिंग मागाहून आलं, अमेरिकेत आजही साधं ‘चेक’च लिहितात. १८व्या शतकात चेक म्हणजे आधी स्थळप्रत (कागद फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणारा भाग) होती, कुणी कागदात फेरफार केला तर पकडता यावा म्हणून. म्हणजे तपासणंच की! क्यू आला तो ‘एक्सचेकर’च्या वळणाने. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद मेजावर होई. वर रेघा आखलेलं काळं कापड, पेनी, शिलिंग, पौंडांचे वेगळे रकाने आणि त्यांत सरकवायच्या सोंगट्या. बुद्धिबळाचा पटच जणू, म्हणून खजिन्याला नाव पडलं एक्सचेकर. कापडावरच्या चौकड्याही त्या पटाच्याच.

पटावरचा प्यादा: थोडं अवांतर. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगतात. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून तसं वाटतं. मला फारसी अर्थच पटतो: मात म्हणजे हतबल. पटावर राजा मरतच नाही, त्याला हलायला जागा उरत नाही.

काटेकोर: चौकड्यांचं मान्य, एक नोंद कमी केली. पण अडवणे आणि तपासणे वेगळेच हवेत. महागाई ‘इन चेक’ ठेवली, याचं ‘महागाई तपासत ठेवली’ असं भाषांतर मी कितीदा दुरुस्त केलंय!

शब्दवेल्हाळ: कारण त्यांना चेक म्हणजे तपासणे एवढंच शिकवलं. आधी शह सांगा, ‘आटोक्यात ठेवली’ हे ते आपणहून लिहितील.